जागृत स्थान

सुचेताबाई खोटं बोलल्या ते एका शब्दाचं, आणि तेही हिंदीत. हिंदीत बोललेलं खोटं अंगाला लागत नाही, अशी मीरा रोडच्या बऱ्याच मराठी माणसांची समजूत असते. भाजीवाला, रिक्षावाला, सोसायटीचा वॉचमन यांच्याशी दिवसभर आपण काय काय बोलतो, ते कोण लक्षात ठेवणार? पण हे खोटं बोललं गेलं उत्तनच्या किनाऱ्यावर. समुद्रावर बोललेलं वाऱ्यावर जातं म्हणतात, ते काही खरं नाही. याने तर चांगलं मूळ धरलं.

तिथे त्या पोचल्या त्या इशितामुळे. सिल्व्हर पार्कात त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी इशिता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. सुचेताबाई टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त झाल्या आणि तिने लिफ्टमध्येच त्यांना गाठलं. "काकू, सकाळचा वेळ असतो का हो तुम्हाला? पक्ष्यांवर लक्ष ठेवायचंय." सुचेताबाईंना वाटलं, दुर्बीण गळ्यात अडकवून झाडाखाली बसायचं असेल. निघालं ते भलतंच.

चिखल्या नावाचा एक पक्षी असतो. चिमणीहून जरा मोठा, पाठीला वाळूचा रंग. चावी दिल्यासारखा तुरुतुरु धावतो, मध्येच थांबतो, काहीतरी आठवल्यासारखा पुन्हा धावतो. तो उघड्या वाळूवर अंडी घालतो. घरटं म्हणजे वाळूतला एक खळगा आणि त्यात शिंपल्यांचे चार तुकडे. ना काडी, ना आडोसा. अंडी इतकी वाळूसारखी की बोट दाखवलं तरी दिसत नाहीत.

"याला काय अक्कल म्हणायची?" सुचेताबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"हजारो वर्षं हीच अक्कल पुरली त्याला, काकू," इशिता म्हणाली. "तेव्हा बाइक नव्हत्या, रविवार नव्हते."

रविवारी सगळं मीरा-भाईंदर तिथे लोटतं. क्रिकेट, बाइकच्या शर्यती, लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी, आणि कुत्री. कुत्र्यांच्या तिथे दोन जाती. एक पट्टेवाली, गाडीतून उतरणारी, इंग्रजी नावांची. दुसरी किनाऱ्यावरचीच, मासळीच्या उरल्यासुरल्यावर आणि लोकांच्या प्लेटांवर पोसलेली. अंडं मात्र दोघांनाही चालतं. त्या हंगामात दोन घरटी गेली. एकावरून चाक गेलं. दुसरं गेलं ते सुचेताबाईंच्याच पाळीत, त्या चहा प्यायला टपरीपर्यंत गेल्या तेवढ्यात. घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. उत्तमराव, म्हणजे त्यांचे यजमान, एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलल्याशिवाय राहत नाहीत, त्यांनीही त्या दिवशी नुसतं ताट झाकून ठेवलं.

तिसरं घरटं सापडलं चैत्रात, मर्यादवेलीच्या कडेला. वेलीच्या नावात तेवढी मर्यादा, लोकांना कुठली? अंडी तीन. हंगाम संपत आलेला, म्हणजे किनाऱ्यावर वाचवण्यासारखं एवढं एकच उरलेलं. इशिताच्या मंडळींनी आधीच्या घरट्याजवळ पाटी लावून पाहिली होती: पक्ष्यांची अंडी आहेत, आत जाऊ नये. परिणाम असा झाला की ज्यांना आत जायचं नव्हतं तेही अंडी कुठे आहेत ते बघायला आत गेले. तेव्हा या वेळी पाटी नको आणि अंड्यांचं कोणाला सांगायचंही नाही, असं ठरलं. सुचेताबाईंनी आपल्या बुद्धीने चार खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली, दोरी नजरेला पडावी म्हणून जुन्या इरकलीचे लाल काठ फाडून तिच्यावर बांधले, आणि चार कोपऱ्यांना चुना फासलेले चार गोटे ठेवले.

लाल चिंध्या आणि चुन्याचे गोटे. याला आपल्याकडे काय म्हणतात ते शाळकरी पोरसुद्धा सांगेल. सुचेताबाईंच्या मात्र ते डोक्यातच आलं नाही. दोन दिवसांनी एका गोट्यावर जास्वंदीचं फूल आणि हळदकुंकू दिसलं, तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, उद्या पुसून टाकू.

तो उद्या आलाच नाही, कारण त्याआधी अनिश आला. अनिश म्हणजे कानात वायर घालून फिरणारा एक तरणा मुलगा, आणि त्याचा ब्रूनो म्हणजे वासराएवढा कुत्रा. सुचेताबाई त्याला आठवडाभर पट्टा बांधायची विनवणी करत होत्या आणि तो आठवडाभर एकच उत्तर देत होता, "आंटी, फ्रेंडली है, कुछ नहीं करता." त्या दिवशी ब्रूनो दोरीकडे सुसाट निघाला आणि त्याच्यामागे आलेला अनिश गोट्यावरचं कुंकू बघून जागच्या जागी थबकला. त्याने चपला काढल्या. शीळ घालून कुत्रा मागे बोलावला, पट्टा अडकवला. "सॉरी आंटी, मालूम नहीं था. मंदिर है क्या?"

सुचेताबाईंनी अंड्यांकडे पाहिलं, मग त्या पट्ट्याकडे पाहिलं.

"हां," त्या म्हणाल्या. "जागृत है."

बस. एवढंच.

पाटीने झालं नव्हतं, विनवणीने झालं नव्हतं, ते या एका शब्दाने झालं. बाइकवाले वळसा घालून जायला लागले. क्रिकेटवाल्यांनी स्टंप लांब नेले. पोरं दोरीपाशी आली की आया हात ओढून नमस्कार करायला लावत आणि लगेच पुढे नेत. सुचेताबाईही लोकांना दिसावं म्हणून दोरीच्या बाहेर चपला काढून बसायला लागल्या. चिखल्याची जोडी आळीपाळीने अंड्यांवर बसत होती, आणि इशिता फोनवर म्हणाली, "काकू, कमाल केलीत!"

उत्तमरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. तू तर गोट्याच्या कपाळी कुंकू लावलंस. आता निस्तर."

"निस्तरायचं काय त्यात? महिन्याभराचा प्रश्न. पिल्लं निघाली की दोरी काढायची."

"देव बसवायला वेळ लागत नाही," उत्तमराव म्हणाले, "उठवायला लागतो."

त्यांचं बोलणं बाईंनी नेहमीप्रमाणे सोडून दिलं. पण पुढच्या आठवड्यात अगरबत्त्या आल्या. मग पेढे आले, नारळ आले, एका मंगळवारी केळीच्या पानावर चक्क दहीभात आला. देव म्हटला की नैवेद्य आलाच, हे त्या शब्दाच्या पोटातच होतं, ते सुचेताबाईंना उशिरा कळलं. नैवेद्यामागून कावळे आले. किनाऱ्यावरचा काळू कुत्रा, जो पूर्वी त्या बाजूला ढुंकून बघत नसे, तो सकाळी सकाळी दोरीपाशी येऊन बसायला लागला. बाई पहाटेच्या बसने येऊन आधी सगळा प्रसाद पिशवीत भरत. लोकांच्या देखत उचलायची चोरी. आपल्याच देवाचा नैवेद्य आपणच पळवायचा, हा काय धंदा झाला? त्यांना स्वतःची लाज वाटे.

आणि त्यात दुर्गा.

दुर्गा किनाऱ्याच्या तोंडाशी, रस्त्याकडेला बसून कैरीच्या फोडी आणि उकडलेल्या शेंगा विकते. मूळची महाडकडची, राहायला नवघरला. दोन महिने रोज बघून दोघींची चांगली गट्टी जमली होती. एकीचा थर्मास, दुसरीच्या शेंगा. "ताई, तुम्ही रोज तिथं काय बसता हो?" असं दुर्गाने एकदा विचारलं होतं, तेव्हा अंड्यांचं सांगायचं नाही म्हणून बाईंनी "हवा खायला" असं सांगून वेळ मारून नेली होती. दुर्गा हसली होती. सिल्व्हर पार्कात हवा नसते की काय!

त्या शुक्रवारी बाई आल्या तेव्हा गोट्यापाशी हिरवा खण होता. त्यावर नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या. रीतसर भरलेली ओटी. मागून दुर्गा आली, डोक्यावरून पदर घेऊन.

"मीच भरली, ताई. माझी सान्वी हाय ना, तिला सातवा लागला. आधीची दोन हातातोंडाशी येऊन गेली. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक हाय, पण आईचा जीव. तुम्ही त्या कुत्रेवाल्या पोराला सांगितलंत ना, जागृत हाय म्हणून, तेव्हाच मनात आलं. म्हटलं, ताई रोज बसतात त्या काय उगाच? हवा खायला म्हणे!" ती डोळे पुसत हसली. "गुपचूप सेवा करताय आणि सांगत नाय."

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. शब्द ओठावर आले होते. पण ओटीपुढे डोकं टेकलेल्या बाईला हे कसं सांगायचं, की बाई गं, तू नवस एका जुन्या इरकलीच्या चिंध्यांना बोललीस? सुचेताबाई म्हणाल्या, "सगळं नीट होईल, दुर्गा." आणि घरी जाताना बसमध्ये त्यांना वाटलं, पहिलं खोटं एका शब्दाचं होतं, हे तर चार शब्दांचं झालं.

रात्री त्यांनी उत्तमरावांना सांगितलं. ते या वेळी काही चावट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "तिला सांग. ती दुसऱ्याकडून ऐकेल त्याआधी सांग." बाई म्हणाल्या, सांगते. पण पिल्लं निघायला आठवडाच राहिला होता, आणि दुर्गा रोज समोर आली की बाई नुसता थर्मास उघडून चहा ओतत. बाकीचा प्रसाद त्या पहाटे उचलत, तेवढी ओटी मात्र त्यांच्याने उचलवेना. दुर्गाही रोज येऊन ओटीवर चार दाणे ताजे तांदूळ टाकी, आणि ते कोणीतरी खाल्लेले बघून तिला फार बरं वाटे.

पुढच्या शुक्रवारी बस उशिरा आली. बाई किनाऱ्यावर पोचल्या तेव्हा चांगलं फटफटलं होतं, आणि काळू दोरीच्या आत होता. कोणीतरी फोडून ठेवलेल्या नारळाची करवंटी त्याच्या दोन पायांत होती. खोबरं कुरतडता कुरतडता तो मागे मागे सरकत होता, आणि मागे, हातभर अंतरावर, तो खळगा होता.

"हाड! हाड!" बाई ओरडत धावल्या.

तेवढ्यात चिखल्याची मादी काळूच्या नाकासमोर पडली. हो, पडलीच. एक पंख वाळूवर पसरलेला, मोडल्यासारखा, अंग फरफटत, केविलवाणी ओरडत. काळूने खोबरं टाकलं. ती फरफटत दोन पावलं पुढे, तो मागे. ती आणखी पुढे, तो आणखी मागे. दोरीच्या बाहेर, वेलीच्या पलीकडे, पार पाण्याच्या ओलीपर्यंत तिने त्याला नेला, आणि त्याने झेप घेतली तशी मोडलेला पंख मिटून भुर्रकन उडाली. इशिताने बाईंना हे सोंग पूर्वी वर्णन करून सांगितलं होतं. आता त्या ते प्रत्यक्ष बघत होत्या. ही एवढीशी जात, हिलाही पोरांसाठी खोटं बोलावं लागतं. पण हिचं खोटं संकटाला घरापासून लांब नेतं. माझ्या खोट्याने ते घरी बोलावून आणलं.

हा विचार पुरता व्हायच्या आत कावळा उतरला. तो तांदळांसाठी आला होता. दोन दाणे टिपले, मान वाकडी करून खळग्याकडे पाहिलं, आणि बाई पोचेपर्यंत एक अंडं घेऊन गेला.

बाई अनवाणी वाळूत उभ्या राहिल्या. मग वेड लागल्यासारख्या सगळं गोळा करायला लागल्या. खोबरं, पेढे, अगरबत्त्यांच्या काड्या, तांदळाचा दाणा न् दाणा. शेवटी हिरवा खण हातात घेतला, आणि मागून आवाज आला, "ताई?"

दुर्गा उभी होती. हातात दुसरी ओटी. आणि तिच्यामागे, कमरेवर हात टेकून, हळूहळू वाळू तुडवत येणारी सान्वी. दर्शनाला आणली होती.

"ताई, ओटी का उचलली?"

सुचेताबाईंनी सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात सांगितलं. देव नाही, देवी नाही, पक्ष्याची अंडी आहेत. चिंध्या माझ्या साडीच्या, गोटे मीच ठेवले, जागृत मीच म्हटलं, कुत्रा आवरावा म्हणून म्हटलं.

दुर्गाचा चेहरा बघवेना. तिने हातातली ओटी छातीशी धरली. मग म्हणाली, "मॅडम, त्या पोराशी बोललात ते ठीक हाय. मला का नाय सांगितलं? मी रोज येऊन डोकं टेकत होती. तुम्ही बघत होता."

ताईची मॅडम झाली, ते बाईंना थोबाडीत बसल्यासारखं लागलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"किती अंडी?" दुर्गाने विचारलं.

दोन आहेत म्हणायचं की संपलं. दोन होतीच. तिसऱ्याचं कोणाला कळणार होतं? समोर सातव्या महिन्याची पोर उभी, तिच्या नावाने वाहिलेले तांदूळ, आणि त्या तांदळांना आलेला कावळा. हे तिच्या आईला सांगायचं? पण एकदा खोटं बोलून काय झालं ते त्यांच्या हातातल्या खणात होतं.

"तीन होती," त्या म्हणाल्या. "एक आत्ता गेलं. कावळा तांदळाला आला होता."

दुर्गाने तोंडाला पदर लावला. तिने काय अर्थ काढला ते दिसतच होतं. ती मटकन वाळूत बसली. बाईंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"आई," सान्वी हळूच म्हणाली. "तिकडे बघ."

मादी परत आली होती. तुरुतुरु धावत, थांबत, पुन्हा धावत. खळग्यापाशी आली. आत पाहिलं. एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे, जणू काहीतरी शोधतेय. मग तिने पिसं फुगवली, अंग हलवून हलवून नीट जागा केली, आणि उरलेल्या दोघांवर बसली.

"बसली गं परत," सान्वी म्हणाली. "गेलं एक, तरी बसली." ती रडत होती, पण आवाज स्थिर होता. "दोनदा लोकांनी मला सांगितलं, आता पुन्हा नको. मीपण बसलेच की."

दुर्गाने लेकीचा हात धरला. बराच वेळ मायलेकी त्या पक्ष्याकडे बघत राहिल्या, आणि पक्षी एका डोळ्याने त्यांच्याकडे.

"म्हणजे मी ओटी भरली ती हिची," दुर्गा शेवटी म्हणाली.

"हो."

"बाळंतिणीचीच भरली की मग." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. हातातली नवी ओटी तिने लेकीच्या पदरात टाकली. "तुम्ही खोटं बोललात ते बोललातच, ते मी विसरायची नाय. पण बाळंतिणीच्या खोलीत कोण अगरबत्ती लावतं हो? नारळ कोण फोडतं? आधी ते गोटे पुसा. पाणी आणा."

दोघींनी मिळून गोट्यांवरचं कुंकू धुतलं. सान्वी लांब उभी राहून कावळे हाकत होती. उन्हं वर आली, माणसं यायला लागली. मीरा रोडहून आलेल्या एक बाई हातात हार आणि पेढ्यांचा पुडा घेऊन थेट दोरीशी आल्या. गोटे कोरे बघून घोटाळल्या.

"अहो, हेच ना ते स्थान? माझ्या जाऊबाईंनी सांगितलं. जागृत आहे म्हणतात, खरं का हो?"

तो शब्द आता सुचेताबाईंच्याने उच्चारवेना.

दुर्गा पुढे झाली. "देव नाय, बाई. बाळंतीण हाय. ती बघा तिथं, वाळूत. लांबूनच बघा. पेढे घरी न्या, आणि कुत्रं असलं सोबत तर बांधा."

त्या बाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. कितीतरी वेळ त्यांना काही दिसलं नाही. मग दिसलं. "अगंबाई!" त्या कुजबुजल्या आणि आपोआप एक पाऊल मागे सरल्या. "मग जागृत वगैरे काही नाही म्हणा."

"नाय कसं?" दुर्गा म्हणाली. "तीन आठवडे तिचा डोळ्याला डोळा नाय लागला. विचारा ताईंना."